तोच वाघ कशावरून?

दिवाळीला पोंभुर्ण्याला मामाकडे गेलो होतो. पुण्याहून चंद्रपूरला पोचेपर्यंत अंग आंबून जातं, आणि पुढे यष्टीने पोंभुर्णा. पोचलो की आधी मामा माझ्या पाया पडतो. (आमच्याकडची पद्धत आहे, मामाने भाच्याच्या पाया पडायचं. पुण्यातल्या मित्रांना सांगितलं तर हसतात. मलाही लाज वाटते, पण मामा ऐकत नाही.) मग चहा, मग चिवडा, आणि मग वाघ.

हो, वाघ. आमच्याकडे पाऊसपाण्याच्या गप्पा संपल्या की वाघाच्या गप्पा सुरू होतात. मामाच्या बांधीपासून जंगल हाकेच्या अंतरावर आहे. मागे एकदा तिथल्याच एका बाईला वाघाने नेलं. नंतर पिंजरा लावला, एक वाघ सापडला, गाडीत घालून नेला. गावाने सुटकेचा श्वास सोडला. चारेक महिन्यांनी मामाच्या शेजाऱ्याचा बैल गेला.

"भाचे, एक सांग," मामा म्हणाला. "एक वाघ नेला, बरं झालं. पण तोच होता कशावरून? वाघाच्या कपाळावर नाव लिवून रायते का?"

मी संगणकवाला. 'दोन रेकॉर्ड एकाच माणसाची आहेत कशावरून?' हा प्रश्न मला हापिसात रोज पडतो, त्याच्यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "मामा, आता थुंकीवरून कळतं. डीएनए काढतात."

"हो का? मंग तुमच्या त्या थुंकीवाल्याले इचार, मी उद्या धुऱ्यावर जाऊ का नको."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर दोनतीन विकांत यातच घालवले. वाचता वाचता लक्षात आलं की मामाचा प्रश्न नवा नाही. गेली पन्नाससाठ वर्षं या देशात वाघ मोजणारे आणि ओळखणारे सगळे तोच प्रश्न सोडवत आले आहेत: हा वाघ आणि तो वाघ एकच कशावरून? म्हणून हा सगळा इतिहास इथे सांगतो.

साहेबाच्या काळात वाघ ओळखायची गरजच नव्हती, मारला की मोजला. मध्य प्रांतातल्या शिकारींची वर्णनं इंग्रजांनी भरभरून लिहून ठेवली आहेत. कातडी आणि कवट्या जहाजात भरून विलायतेला गेल्या आणि तिथल्या संग्रहालयांत जाऊन पडल्या. (या कातड्यांकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे, लक्षात ठेवा.) स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, ते महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. वाघ कमी होत चालल्याची ओरड वाढली, आणि मग प्रश्न आला की कमी म्हणजे किती?

त्यावर ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी 1960 च्या दशकात एक युक्ती काढली. वाघाच्या पंजाच्या ठशावर काच ठेवायची, त्यावर ठसा गिरवून घ्यायचा, चांगला ठसा असेल तर प्लास्टर ओतून साचा काढायचा. प्रत्येक वाघाचा पंजा वेगळा, म्हणून ठसे वेगवेगळे केले की वाघ मोजून झाले. हेच चौधरी पुढे सिमिलीपालच्या व्याघ्र प्रकल्पाचे पहिले क्षेत्र संचालक झाले. त्यांनी घरात वाढवलेली खैरी नावाची वाघीण तेव्हा देशभर गाजली होती. त्यांच्या पद्धतीने 1972 मध्ये देशभर गणना झाली आणि आकडा आला 1827. दुसऱ्या वर्षी, 1973 मध्ये, 'प्रोजेक्ट टायगर' सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प व्हायला मात्र 1990 चं दशक उजाडलं.

पद्धत स्वस्त होती आणि वनरक्षकाला, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या भाषेत नाकेदाराला, जमण्यासारखी होती. पण एकच वाघ मऊ मातीत चालला तर ठसा पसरट उमटतो, कडक वाटेवर चालला तर अर्धाच उमटतो. गिरवणाऱ्याचा हात वेगळा, ठरवणाऱ्याची नजर वेगळी. उल्हास कारंथ यांच्यासारखे शास्त्रज्ञ 1980 च्या दशकापासून सांगत होते की यात एका वाघाचे तीन होऊ शकतात. आमच्या धंद्यात याला डुप्लिकेट रेकॉर्ड म्हणतात. एकाच गिऱ्हाइकाचं नाव तीन प्रकारे टंकलं की तीन गिऱ्हाईकं होतात आणि साहेब खूश होतो!

या खुशीचा शेवट राजस्थानात सरिस्कामध्ये झाला. कागदोपत्री तिथे वाघ होते. 2004-05 मध्ये लक्षात आलं की एकही उरलेला नाही. देश हादरला, टायगर टास्क फोर्स बसली, आणि 2006 च्या गणनेपासून पंजाच्या ठशांवरून वाघ मोजणं मागे पडलं. कॅमेरा ट्रॅप आले. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, दोघांचे सारखे नसतात. त्या गणनेचा आकडा आला 1411. जुन्या आकड्यांची सवय झालेल्यांना तो थपडेसारखा लागला. पुढे तो वाढत गेला. 2022 च्या गणनेत देशात अंदाजे 3682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ निघाले.

कॅमेरा उत्तम, पण त्याची एक अडचण आहे. वाघ त्याच्यासमोरून गेला पाहिजे. वाघाने माणसावर हल्ला केला तिथे आधीपासून कॅमेरा लावलेला नसतो. तिथे उरतं ते फक्त शरीर, आणि त्यावरची लाळ.

आता डीएनएची गोष्ट. ही गोष्ट वाघापासून नाही, सापापासून सुरू होते.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातले लालजी सिंग बनारसला शिकले. तिथे ते सापांच्या गुणसूत्रांवर काम करत होते. नर कुठला, मादी कुठली, हे गुणसूत्रांत कसं ठरतं हा त्यांचा विषय. पुढे एडिंबराला असताना त्यांना पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएत एक तुकडा सापडला. त्यात काही अक्षरं पुन्हा पुन्हा, एकापुढे एक आलेली होती. त्याचं नाव बीकेएम. गंमत म्हणजे तसलीच पुनरावृत्ती इतर प्राण्यांत आणि माणसातही सापडते. 1984 मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी दाखवलं की अशा पुनरावृत्त्यांवरून माणूस ओळखता येतो. लालजी सिंग पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत आले. त्यांनी सापाच्या त्या तुकड्यावरून आपली स्वतःची डीएनए ठशांची पद्धत उभी केली. 1980 च्या दशकाच्या शेवटी केरळातल्या एका पितृत्वाच्या खटल्यात भारतीय न्यायालयात ती पहिल्यांदा वापरली गेली.

म्हणजे मण्यारीने माणसाचा बाप शोधून दिला!

मग लालजी सिंग यांच्या मनात आलं की हेच जंगली प्राण्यांसाठी का नको? 1998 मध्ये लॅकोन्स या प्रयोगशाळेची सुरुवात झाली आणि 1 फेब्रुवारी 2007 रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी हैदराबादमध्ये ती देशाला अर्पण केली. दरम्यान सीसीएमबीत सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी एक चाचणी बसवली होती. मांसाचा तुकडा असो, कातडं असो, हाड असो, ते कुठल्या प्राण्याचं हे त्यातून कळतं. शिकाऱ्याच्या पिशवीत सापडलेलं मटण बकऱ्याचं की चितळाचं, हा वाद त्यामुळे न्यायालयात मिटू लागला. लालजी सिंग 2017 मध्ये गेले.

'कुठला प्राणी' हे कळणं सोपं. 'कुठला वाघ' हे अवघड. ते कसं करतात हे माझ्या भाषेत सांगतो, जीवशास्त्रवाल्यांनी कान धरू नयेत.

वाघाचा डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली प्रचंड मोठी फाइल. त्यात काही ठिकाणी दोनचार अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ येत राहतो. एका वाघात तो बारा वेळा येईल, दुसऱ्यात सतरा वेळा. प्रत्येक ठिकाणचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. अशी दहाबारा ठिकाणं तपासली की वीसचोवीस आकड्यांची माळ तयार होते. जुळे सोडले तर ती माळ दुसऱ्या वाघाशी जुळायची शक्यता नगण्य. झाली तुमची प्रायमरी की.

नमुना कुठून आणायचा? वाघाला हात लावायचीही गरज नाही. विष्ठा चालते. बाहेर पडताना तिच्या वरच्या थराला आतड्याच्या पेशी चिकटून येतात. जंगलवाटेवर ती सापडली की थोडा भाग अल्कोहोलमध्ये किंवा ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या दाण्यांत ठेवतात आणि प्रयोगशाळेत धाडतात. तिथे पीसीआर करतात. कॅरी मुलिस या अमेरिकन माणसाला 1983 मध्ये सुचलेली ही रीत (नोबेल 1993) म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याची झेरॉक्स काढत राहायची. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा कोट्यवधी प्रती.

ऐकायला सोपं वाटतं. पण चंद्रपूरचं ऊन ज्याने खाल्लं आहे त्याला अडचण लगेच कळेल. मे महिन्यात उघड्यावर पडलेल्या विष्ठेतला डीएनए तुटतो. पावसात धुऊन जातो. कधी दोन आकड्यांपैकी एकच दिसतो आणि दुसरा गळतो. मग एका वाघाचे चुकून दोन वाघ होतात, म्हणजे पंजाच्या ठशांचीच चूक नव्या वेषात परत! म्हणून तीच चाचणी पुन्हा पुन्हा करून पाहतात. बंगळूरच्या एनसीबीएस संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने बंदीपूरमध्ये विष्ठेवरून वाघांचा अंदाज काढला आणि कॅमेऱ्याच्या अंदाजाशी ताडून पाहिला. 2009 मध्ये तो अभ्यास छापून आला. दोन्ही अंदाज जुळत आले. तेव्हापासून या पद्धतीवर विश्वास बसला.

आता त्या विलायतेतल्या कातड्यांकडे येऊ. याच गटातल्या सम्राट मंडल यांनी ब्रिटनमधल्या संग्रहालयांतल्या जुन्या भारतीय वाघांच्या नमुन्यांतून डीएनए काढला आणि आजच्या वाघांशी तुलना केली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत होते, त्यातले 93 टक्के आजच्या वाघांत सापडलेच नाहीत. वाघांची संख्या पुन्हा वाढवता येते. पण पुसली गेलेली विविधता बॅकअप नसलेल्या हार्ड डिस्कसारखी, गेली ती गेली.

मग उरलेली सांभाळायची कशी? इथे आमचं पोंभुर्णं चित्रात येतं. पुण्यामुंबईच्या माणसाला वाटतं वाघ ताडोब्यात राहतो. ताडोब्यात राहतोच, पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी अशा सगळीकडे राहतो. वयात आलेल्या नराला बापाच्या इलाक्यात जागा नसते. तो निघतो. धानाच्या बांध्या, मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव, माझ्या मामाचे नव्हेत :-)), नाले, रस्ते, रेल्वेचे रूळ ओलांडत तो कुठेतरी जातो. 2013 मध्येच आदित्य जोशी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. मध्य भारतातल्या सहा संरक्षित क्षेत्रांतून विष्ठेसारखे नमुने गोळा करून त्यांनी 55 वाघ ओळखले. काही वाघांचं मूळ साडेसहाशे किलोमीटरवरच्या जंगलात निघालं! अडथळा अंतराचा नव्हता. अडथळा होता वस्त्यांचा आणि रस्त्यांचा. प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये पुढचा हिशोब मांडला की हे जोडरस्ते तुटले तर पुढच्या शंभर वर्षांत कुठल्या जंगलातला वाघ संपेल.

जोड तुटली की काय होतं याचं उदाहरण सिमिलीपाल, चौधरींचं आणि खैरीचं. तिथे जवळपास काळे दिसणारे वाघ आहेत, पट्टे पसरून एकमेकांत मिसळलेले. 2021 मध्ये विनय सागर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी कारण शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. एका अक्षराचा बग! इतरत्र तो क्वचितच आढळतो. तिथे मात्र वाघ थोडे, बाहेरून नवा वाघ येत नाही, मग नात्यातच पिल्लं होतात आणि बग प्रत्येक प्रतीत उतरत जातो. पर्यटकाला काळा वाघ अपूर्वाईचा वाटतो, पण तो त्या जंगलाच्या एकटेपणाची खूण आहे.

उपाय म्हणून नवं रक्त हवं होतं. ते कुठून गेलं? आपल्या ताडोब्यातून. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या. झीनत काही तिथे रमली नाही. झारखंडातून ती बंगालात गेली, आणि 29 डिसेंबरला बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणलं. चंद्रपूरच्या लेकीने तीन राज्यांच्या वनखात्यांना तीन आठवडे पळवलं. त्याआधी 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात गेल्या होत्या, आणि 2025 च्या नोव्हेंबरात एक ताडोब्यातून सह्याद्रीत गेली. ज्या वाघांची आमच्या गावाला भीती वाटते, त्यांच्याच रक्ताला देशभर मागणी आहे.

हे सगळं ठीक, पण मामाच्या प्रश्नाचं काय?

त्याचं उत्तर शोधायला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात जावं लागतं. पांढरकवडा-राळेगाव भागात 2016 पासून तेरा माणसं गेली. ठपका टी-1 या वाघिणीवर आला. लोक तिला अवनी म्हणू लागले. काही मृतांच्या जखमांवरून लाळेचे नमुने घेऊन डीएनए तपासला गेला, पण तेरा जणांपैकी सगळ्यांचा नव्हे. प्रकरण उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2018 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. त्यावर शहरात मेणबत्त्या पेटल्या आणि तिथल्या गावांत फटाके फुटले. दोन्ही बाजू एकमेकींवर ओरडत असताना डीएनएचा अहवाल नीट वाचायला कोणाला सवड होती?

तो वाचायचा कसा हे मला आत्ता कळतंय. लाळ जखमेवर असते, म्हणजे तिथे माणसाचं रक्त भरपूर आणि वाघाच्या पेशी मूठभर. उशीर झाला, अंग धुतलं गेलं, पाऊस पडला, तर काहीच मिळत नाही. मिळालं तर आधी 'वाघ' हे कळतं, मग 'नर की मादी', आणि नशीब असेल तर 'कुठला'. आणि ते 'कुठला' कळायला जुळवणीसाठी त्या वाघाचा नमुना आधीच हाताशी हवा. टेबलात नोंदच नसेल तर क्वेरी कितीही चांगली लिहा, उत्तर रिकामंच येणार. शिवाय नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर येईपर्यंत गावाने काय करायचं? धान कापायचं थांबत नाही. मोहफुलं वेचायची थांबत नाहीत. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम असतो थोड्या दिवसांचा. त्या दिवसांची मजुरी सोडून घरी बसा, असं त्यांना कोण आणि कुठल्या तोंडाने सांगणार?

आमच्या पोंभुर्णा भागातही 2014 मध्ये माणसं मारणाऱ्या एका वाघिणीला गोळी घालावी लागली होती. मामा अजून तिची गोष्ट सांगतो, आणि शेवटी तोच प्रश्न विचारतो. तेव्हा मला वाटायचं म्हातारा शंकेखोर आहे. आता वाटतं, प्रश्न बरोबर आहे. चुकीचा वाघ पिंजऱ्यात गेला तर दोन तोटे होतात. निरपराध वाघ जन्मठेपेला जातो. आणि गाव निर्धास्त होऊन त्याच बांधावर जातं, जिथे खरा वाघ अजून आहे. दुसरा तोटा वाघाच्या बाजूने बोलणाऱ्यांना दिसत नाही, आणि पहिला गावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना. नमुना वेळेवर घेतला, आणि त्या भागातल्या वाघांची नोंद आधीच करून ठेवली, तर दोन्ही टळू शकतात. मृतदेह हलवायच्या आधी कापसाचा एक बोळा जखमेवरून फिरवायचा, वाळवायचा, पाकिटात घालायचा. काम एवढंसं आहे. पण भोवती रडणारी, संतापलेली माणसं उभी असताना ते करणं किती कठीण, हे एसीत बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने बोलू नये.

परवा रविवारी मामाला फोन लावला. हे सगळं सांगितलं. मण्यार, कातडी, सिमिलीपाल, सगळं. मामा मधेमधे "हं, हं" करत होता. वाघाची नोंद आधी असेल तरच नंतर जुळवता येते, हे सांगितल्यावर थांबला.

"म्हंजे वाघाचा बी सातबारा रायते म्हन ना."

"हो मामा, तसंच काहीसं."

"मंग आमच्याकडच्या वाघायचा काढला का कोनी?"

म्हटलं, विचारतो. मग बांधीचं विचारलं. धान कापून झालं म्हणाला. दोनतीन घरचे मिळून जातात, एक जण डबा वाजवत राहतो, ऊन उतरायच्या आत परत येतात. शेजाऱ्याने नवा बैल घेतला आहे.

उन्हाळ्यात पुन्हा जायचं आहे. तोवर मामाच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन जायला हवं.